रिकामी सम: रेगे-रॉक गाण्यांच्या अकूस्टिक कराओके ट्रॅकच्या नोंदी

६ जुलै

काम असं: रेगेचा, म्हणजे जमैकातल्या उलट्या ठोक्याच्या संगीताचा, रंग असलेली सहा रॉक गाणी घ्यायची आणि त्यांचे कराओके ट्रॅक नुसत्या अकूस्टिक वाद्यांवर करायचे. एक स्टील तारांची गिटार, एक काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), एक शेकर (खुळखुळा), बस्स. गाणारी मंडळी घरचीच. तयार ट्रॅक मिळतात, पण त्यातले बहुतेक कीबोर्डवर बनवलेले असतात. ढोल प्लॅस्टिकच्या डब्यासारखा वाजतो आणि गिटारच्या जागी जे काही वाजतं ते गिटार नसतं. शिवाय मूळ गाण्याची नक्कल करायला गेलेला ट्रॅक गाणाऱ्याची तुलना मूळ गायकाशी लावून देतो. अकूस्टिक ट्रॅकवर ती आपोआप टळते.

पहिल्याच दिवशी 'आय शॉट द शेरीफ' सरळ स्ट्रमिंगने वाजवून रेकॉर्ड केलं. ऐकल्यावर शेकोटीभोवती बसून म्हणायचं गाणं वाटलं. कॉर्ड सगळ्या बरोबर, पण रेगे औषधालाही नाही. एरिक क्लॅप्टनने १९७४ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. बॉब मार्ली आणि त्याच्या वेलर्स बँडचं मूळ त्याच्या एकच वर्ष आधीचं. दोन्ही लागोपाठ ऐकली. क्लॅप्टनचं जास्त गुळगुळीत आहे, पण उलट्या ठोक्यावरचा गिटारचा छक्-छक् त्यातही आहे. तो काढला की खाली राहतं ते वेगळंच काहीतरी.

८ जुलै

आज फक्त छक्.

याला स्कँक म्हणतात. चारचा ठेका धरला तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वरच्या तीन-चार तारांवर खाली जाणारा एक आखूड फटका. आवाज निघाल्या निघाल्या तो मारायचा असतो, आणि हे काम उजव्या हाताचं नाही, डाव्याचं. बोटांचा दाब सोडायचा पण बोटं तारेवरून उचलायची नाहीत. दाब उशिरा सुटला तर कॉर्ड रेंगाळते. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा खणखणतात. दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी आहे. दोन तास घालवून चार ओळी बऱ्या आल्या.

एक गोष्ट पक्की झाली: मोकळ्या तारांच्या कॉर्ड या कामाला निकामी, कारण जी तार बोटाखाली नाही ती बोट सोडून गप्प करता येत नाही. सगळं बार कॉर्डमध्ये, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून, वाजवायचं. म्हणजे कॅपो (गिटारच्या मानेवरचा चिमटा) लावून सोप्या कॉर्ड धरायचा बेत बारगळला.

नव्या तारांपेक्षा जुन्या बऱ्या वाटल्या. नव्या फार चकाकतात. महिनाभर बदलणार नाही. आळसाला कारण मिळालं.

१३ जुलै

'रॉक्सॅन'ची पट्टी. मूळ जी मायनर, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाच, आणि 'पोलिस' बँडच्या स्टिंगचा गळा तिथून जो वर चढतो तो घरातल्या कुणालाच झेपणारा नाही. मित्राने एकदा प्रयत्न केला आणि मग पाणी मागितलं. तीन सेमीटोन खाली, ई मायनर, पांढरी तीन. तिथे त्याचा आवाज मोकळा लागतो.

या गाण्यात दुसरीच अडचण आहे. कडवं उलट्या ठोक्यावर आणि धृवपद सरळ रॉक. म्हणजे आठ ओळी हात आवरून वाजवायचं आणि मग एकदम मोकळं सोडायचं. पूर्ण बँड असला की धृवपदात ढोल-बास मागून रेटतात. एकट्या गिटारवर तो रेटा हाताला द्यावा लागतो, आणि हात लगेच पळायला लागतो. क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोके मोजणाऱ्या टिकटिकीशिवाय, वाजवलेल्या चार टेकपैकी चारही शेवटाला वेगात. क्लिक लावून वाजवलं तर धृवपद मठ्ठ वाटतं. शेवटी क्लिकचाच वेग धृवपदापुरता दोन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढवला. ऐकताना कळत नाही, हाताला मात्र बरं वाटतं.

वाचण्यात आलं की स्टिंगच्या डोक्यात हे गाणं आधी बोसा नोव्हा होतं. टँगोच्या अंगाने न्यायचं ढोलवादक स्टुअर्ट कोपलँडने सुचवलं. आणि सुरुवातीला पियानोचे जे बेसूर सूर आणि हसू ऐकू येतं, ते स्टिंग चुकून पियानोवर बसला म्हणून. तेही त्यांनी ठेवलं. मी माझ्या ट्रॅकमधला खुर्चीचा करकर आवाज काढून टाकला.

१४ जुलै

काहीच झालं नाही. पंखा बंद ठेवला तर मला घाम, चालू ठेवला तर माइकला वारा.

१९ जुलै

'हॉटेल कॅलिफोर्निया', वहिनींसाठी. मूळ बी मायनर. त्यांच्या गळ्याला ते खर्जात अडकतं आणि एक सप्तक वर घेतलं तर किंचाळावं लागतं. पाच सेमीटोन वर नेऊन ई मायनरमध्ये बसवलं. मग कळलं की गिटारवादक डॉन फेल्डरने त्याच्या ईगल्स बँडसाठी या चालीचा पहिला डेमो ई मायनरमध्येच केला होता. गायक डॉन हेन्लीच्या गळ्यासाठी नंतर ती बी मायनरला गेली. म्हणजे गाणाऱ्याला पट्टी जुळत नाही ही कराओकेवाल्यांची रोजची रड खुद्द त्यांच्याकडेही होती. त्या डेमोचं कामचलाऊ नाव 'मेक्सिकन रेगे'. लोक हे गाणं रेगेशी जोडत नाहीत, पण कडव्यात मागची गिटार नीट ऐका.

ई मायनरमुळे गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजवली की षड्ज मिळतो. अंगठ्याने बास आणि बाकी बोटांनी छक्, असं एका गिटारवर जमेल असं वाटलं होतं. जमलं नाही. बास वेगळ्या टेकमध्ये घेतला, गिटारच्या पुलाजवळ (ब्रिज) तारांखाली फोमची पट्टी सरकवून. आवाज गोल, आखूड, टपोरा आला. हा भाग मनासारखा झाला.

वेग ७४ लिहायचा की १४८ यावर अर्धा तास गेला. गाणं तेच, मोजणी वेगळी. १४८ ठेवला, म्हणजे छक् दोन आणि चारवर पडतो आणि क्लिक जवळजवळ पडल्याने हात सांभाळला जातो.

२० जुलै

वहिनींची पहिली तालीम. मी कालच ट्रॅक फोनवर पाठवला होता, त्यांनी सकाळभर ऐकला होता. पहिल्या ओळीला एंट्री चुकली. बरोबर एक ठोका उशिरा. परत लावला, परत एक ठोका उशिरा. गाणं आत कुठेतरी सावरतं, दुसऱ्या कडव्याला पुन्हा तेच.

"भाऊजी, ट्रॅकच तुमचा उलटा आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, क्लिकवर वाजवलाय. उलटा कसा असेल?"

"मला काय माहीत. मी समेवरच आले."

मी हेडफोन लावून ऐकलं. ट्रॅक बिनचूक. त्यांच्या सुरात खोट नाही, लयीत खोट नाही, आणि एरवी त्यांची एंट्री कधी चुकत नाही. मनातल्या मनात म्हटलं, इंग्रजी गाण्याची सवय नसेल. हे इथे लिहून ठेवतो, कारण नंतर लाज वाटली पाहिजे.

२१ जुलै

आज गिटारला हात नाही. वाचन.

कराओके म्हटलं की जपान. कोबे शहरात दाइसुके इनोऊए यांनी १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारं यंत्र केलं, त्याचं पेटंट घेतलं नाही, आणि २००४ मध्ये त्यांना इग नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. इतरांना सहन करायला शिकण्याचा नवा मार्ग दिल्याबद्दल! पण त्याच्या थोडं आधी, १९६८च्या सुमारास जमैकात एक मजेशीर गोष्ट घडली होती. रूडी रेडवूड नावाचे साउंड सिस्टिमवाले. साउंड सिस्टिम म्हणजे मोठाले स्पीकर लावून नाच भरवणारे लोक. ते ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत एक खास तबकडी कापून घ्यायला गेले. ध्वनिमुद्रक बायरन स्मिथकडून गायनाचा ट्रॅक चुकून राहूनच गेला. रेडवूडनी ती तशीच नाचाला लावली, आणि जमलेल्या लोकांनी मूळ गाण्याचे शब्द स्वतःच म्हणायला सुरुवात केली. पुढे जमैकन सिंगलच्या मागच्या बाजूला गाण्याचा बिनगायनाचा अवतार द्यायची चालच पडली. त्याला 'व्हर्जन' म्हणत. त्यातूनच डब हा संगीतप्रकार निघाला, आणि व्हर्जनवर बोलणारे डीजेही तिथेच घडले.

म्हणजे मी जे करतोय ते रेगेला उपरं नाही.

२७ जुलै

पुतण्या आला होता. तबला शिकतो, तीन वर्षं झाली. ट्रॅक लावला तर गुडघ्यावर ठेका धरायला लागला आणि मध्येच थांबला.

"काका, हा केरवा उलटा धरलाय कोणीतरी."

मी म्हटलं, तूही? नीट सांग.

त्याने मोजून दाखवलं. एका ठोक्याला दोन मात्रा धरल्या तर चार ठोक्यांच्या आठ मात्रा. धा गे ना ती, ना क धी ना. केरव्याची सम पहिल्या मात्रेवर, खाली पाचवीवर. समेला वजन, खालीला डग्गा गप्प. आणि माझ्या काहोनवर? पहिली मात्रा गप्प. सगळं वजन पाचवीवर. तिसऱ्या ठोक्यावर मी काहोनची खर्जाची थाप आणि कडेची टिचकी एकदम मारतो, आणि पहिला ठोका मोकळा सोडतो. वेलर्सचा ढोलवादक कार्ल्टन बॅरेट याच्या हातातून जगभर गेलेला हाच तो वन ड्रॉप. नावातच आहे, पहिला ठोका टाकून दिला. खालीला भरी आणि समेला खाली!

मी वन ड्रॉप कित्येक वर्षं वाजवतोय. पण त्याची अशी उलटापालट कधी दिसली नव्हती. शाळेतलं पोर गुडघ्यावर वाजवून दाखवतं.

मग आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट करून पाहिली. बास बंद केला. उरलं: छक्, टक्, छक्, आणि एक गप्प जागा. परत छक्, टक्, छक्, गप्प. ऐकताना मीसुद्धा घसरलो. गप्प जागेनंतर येणारा पहिला आवाज म्हणजे सम, असं कान परस्पर ठरवून टाकतो. आणि तो पहिला आवाज असतो दुसरा ठोका. सम एक ठोका पुढे सरकते. वहिनी बरोबर तिथेच येत होत्या.

पण ट्रॅकमध्ये बास आहे की. पहिल्या ठोक्यावर जाड तार ठळक वाजतेय. ती त्यांना का ऐकू येईना?

३ ऑगस्ट

सापडलं. इतकं साधं की कपाळावर हात मारला.

वहिनी फोनच्या स्पीकरवर ऐकतात. गिटारची मोकळी जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथे जवळपास मुका असतो. बरं, फोम लावून मी त्या बासचा वरचा सगळा चमकदार भाग स्वतःच काढून टाकला होता, आवाज टपोरा यावा म्हणून. म्हणजे हेडफोनमध्ये जो बास माझा खांब होता, तो त्यांच्या फोनवर नव्हताच. काहोनची खर्जाची थापही गेली, फक्त टिचकी उरली. २७ तारखेला बास बंद करून आम्ही जे ऐकलं ते वहिनी पंधरा दिवस ऐकत होत्या.

"ट्रॅकच उलटा आहे" हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्यांना फोन करून सांगितलं. "मग?" एवढंच म्हणाल्या.

४ ऑगस्ट ते ९ ऑगस्ट

बास पुन्हा. फोम काढला नाही, पण अंगठ्याऐवजी पिकने वाजवला, म्हणजे प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक 'टक' येतो. तो टक लहान स्पीकरमधूनही निघतो. वर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला किंचित फाटकी धार, दिलं, त्याने १६४, २४६, ३२८ हर्ट्झचे वरचे सूर जागे होतात. मूळ ८२ फोनमधून येत नसला तरी हे वरचे सूर ओळीने ऐकले की कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. ही काही जादू नाही, ऐकण्याची नेहमीची रीत आहे.

तेवढ्यानेही खात्री वाटेना. म्हणून शेकर घेतला आणि पहिल्या ठोक्यावर किंचित वजन दिलं. इथे दोन दिवस मन खात होतं. समेची जागा मोकळी सोडणं हाच तर या ठेक्याचा जीव, आणि मी तिथे खुळखुळा वाजवतोय. उद्या कोणी जाणकार ऐकेल तर हसेल. पण जाणकाराला या ट्रॅकवर गायचं नाहीये. तडजोड अशी की शेकर इतका हळू की लक्ष दिलं तरच ऐकू यावा, आणि धृवपदात पूर्ण बंद.

सुरुवातीची मोजणीही बदलली. आधी फक्त चार टिचक्या होत्या. आता काहोनवर दोन ओळींचा तुकडा, शेवटी पहिल्या ठोक्यावर उतरणारा. रेगेची कितीतरी गाणी ढोलाच्या अशाच एका फटकाऱ्याने उघडतात. सम कुठे आहे हे तो एकदाच दणक्यात सांगतो आणि मग ढोल ती जागा सोडून देतो. हे आधीच करायला हवं होतं.

मिक्समध्ये एवढंच: २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये छक् दोन-अडीच डेसिबल खाली, कारण गाणाऱ्याचे शब्द तिथेच कळतात. रिव्हर्ब अगदी नावाला. गाणारे माइकवर एको लावतातच, त्यावर माझा एको चढला की लगदा होतो.

१० ऑगस्ट

शब्दांची फाईल. एलआरसी साधी असते, प्रत्येक ओळीपुढे मिनिट, सेकंद, शतांश. ओळ गायच्या क्षणी दाखवून उपयोग नाही, डोळ्याला वाचायला वेळ लागतो. सेकंदभर आधी दाखवतो.

पुतण्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर मात्र सगळं सरकलं. टाळी वाजवून मोजलं, आवाज सुमारे २०० मिलिसेकंद मागे. १४८च्या वेगात अर्धा ठोका होतो २०३ मिलिसेकंदांचा. म्हणजे बरोबर एक मात्रा! ज्या गाण्यात सगळा खेळ अर्ध्या-एका ठोक्याचा, तिथे पडद्यावरचा शब्द एक मात्रा पुढे पळतो. तारेचा स्पीकर लावा असं ठळक लिहून फाईलसोबत ठेवलं.

१२ ऑगस्ट

मित्र म्हणतो, छान झालेत, सगळ्यांसाठी टाकून दे. नाही. वाजवलं मी, म्हणून ध्वनिमुद्रण माझं. पण चाल आणि शब्द माझे नाहीत, त्यांचे हक्क वेगळे, आणि शब्द पडद्यावर दाखवायची परवानगी पुन्हा वेगळी. ती काढायची तर रीतसर काढू. तोवर घरातच.

१७ ऑगस्ट

सहापैकी तीनच गाणी पुरी होणार हे आता उघड आहे. उरलेल्या तीन गाण्यांची नावंही लिहीत नाही.

'हॉटेल'चा शेवट. मूळ गाण्यात दोन गिटारांचा शेवटचा तुकडा दोन मिनिटांहून मोठा. कराओकेत गाणाऱ्याने तेवढा वेळ माइक धरून काय करायचं? मी तो आठ ओळींवर आणला. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "सगळा ठेवा. मी ऐकत उभी राहीन." मग सोळा ओळींवर तडजोड. नायलॉनच्या तारांवर वाजवला, तो स्टीलपेक्षा मऊ पडतो. ईगल्सनीही १९९४च्या अकूस्टिक मैफिलीत हे गाणं नायलॉन तारांवरच उघडलं होतं, तेव्हा फार वेडेपणा नसावा.

२४ ऑगस्ट

तिन्ही ट्रॅकवर तालीम, तारेच्या स्पीकरवर. मित्राचा 'रॉक्सॅन' धृवपदात पळाला, पण या वेळी ट्रॅक नाही, तो पळाला. 'शेरीफ' पुतण्याने म्हटलं, शब्द अर्धे गिळले, लय पक्की.

वहिनी पहिल्या ओळीला नेमक्या आल्या. दुसऱ्या कडव्यालाही. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. पहिल्या ठोक्यावर टाच नुसती उचललेली, खाली टेकते ती तिसऱ्यावर.

शेवटचा तुकडा संपल्यावर माइक ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, ते मागे काय खुळखुळतंय?"

"शेकर आहे. तुम्हाला सम कळावी म्हणून."

"काढा तो. मध्ये मध्ये येतो."

काढला. नवी फाईल: हॉटेल-ईमायनर-विनाखुळखुळा-अंतिम-३.